तुलनेची भूमी : दोन जुने कॅमेरे आणि त्यांचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासात तुलना ही नित्याच्या वापरातली पद्धत आहे. दोन कवी, दोन कादंबऱ्या, एकाच ग्रंथाची दोन भाषांतरे शेजारी ठेवून आपण वाचतो आणि विद्यार्थ्यांकडूनही तसे वाचून घेतो. ‘साम्यभेद स्पष्ट करा’ हा प्रश्न तर आपल्या प्रश्नपत्रिकांचा कायमचा रहिवासी आहे. परंतु साम्यांची एक आणि भेदांची दुसरी अशा दोन याद्या केल्या म्हणजे तुलना झाली असे होत नाही, हेही आपण वर्गात वारंवार सांगत असतो. दोन्ही कृती कोणत्या भूमीवर उभ्या आहेत, तिथवर त्या कोणत्या वाटांनी आल्या आणि आपण त्यांना कोणता प्रश्न विचारत आहोत, हे निश्चित झाल्याशिवाय यादीतल्या नोंदींना अर्थ येत नाही.

यंत्रांची तुलना करताना मात्र हे भान सुटते. तिथे आपण तक्ता मांडतो, आकडे वाचतो आणि ज्याचा आकडा मोठा ते चांगले, असा निकाल देऊन मोकळे होतो. प्रस्तुत लेखात दोन जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची तुलना करायची आहे : कॅननचा ईओएस ३००डी (२००३) आणि निकॉनचा डी७० (२००४). साहित्यविषयक लेखांच्या या पानावर हा विषय अनेकांना परका वाटेल. त्यामागचे निमित्त मात्र आपल्याच अभ्यासक्षेत्रातले आहे. जुनी नियतकालिके, दुर्मीळ पुस्तके, हस्तलिखित वह्या यांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पानांची छायाचित्रे घ्यावी लागतात. नवा कॅमेरा परवडत नाही. वापरलेले जुने कॅमेरे स्वस्तात मिळतात. त्यांपैकी कोणता घ्यावा, हा प्रश्न मग आम्हां अध्यापकांपर्यंत येतो.

तो किरकोळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदावर जे छापले गेले, ते आम्लतेमुळे पिवळे पडून ठिसूळ झाले आहे. अशा अंकाचे पान उलटताना त्याचा कोपरा हातात येतो. सपाट स्कॅनरवर पुस्तक उपडे दाबले तर शिवण उसवते. म्हणजे कित्येकदा ते पान वाचण्याजोग्या स्थितीत उघडण्याची संधी एकदाच मिळते, आणि त्या एका वेळी हातात कोणते यंत्र आहे यावर पुढच्या अभ्यासकाला काय वाचता येईल हे ठरते.

१. सामायिक भूमी

हे दोन्ही कॅमेरे ‘एसएलआर’ जातीचे. ज्या लेन्समधून चित्र टिपले जाते तिच्यातूनच, आतल्या आरशाच्या साहाय्याने, छायाचित्रकार पाहतो. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश मागच्या पडद्यावर पडतो. फिल्मच्या काळात तो पडदा फिल्मचा होता, डिजिटल कॅमेऱ्यात त्या जागी प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणारा सेन्सर आला.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या घटकाची कल्पना मांडली. त्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने सीसीडी वापरून एक कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र १०० गुणिले १०० बिंदूंचे होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या एफ३ या फिल्म कॅमेऱ्याला मागे सेन्सर जोडून १.३ मेगापिक्सेलचा पहिला डिजिटल एसएलआर विक्रीस आणला. त्याचा साठवणुकीचा पेटारा छायाचित्रकाराला खांद्याला अडकवून वागवावा लागे आणि किंमत २०,००० डॉलरच्या घरात होती. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला : २.७ मेगापिक्सेल, किंमत ५,००० डॉलरहून अधिक. २००० मध्ये कॅननने डी३० हा ३.१ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला. त्यात सीसीडीऐवजी सीमॉस जातीचा, कॅननने स्वतः घडवलेला सेन्सर होता.

ऑगस्ट २००३ मध्ये ३००डी जाहीर झाला, तो या उताराच्या शेवटी. अमेरिकेत केवळ कॅमेऱ्याची किंमत ८९९ डॉलर आणि १८-५५ मिलिमीटरच्या लेन्ससह ९९९ डॉलर होती. हजार डॉलरच्या आत आलेला हा पहिला डिजिटल एसएलआर. वृत्तपत्रांच्या आणि स्टुडिओंच्या मालकीचे यंत्र हौशी माणसाच्या आवाक्यात आले ते इथे. काही महिन्यांतच, जानेवारी २००४ मध्ये, निकॉनने डी७० जाहीर केला. किंमत लेन्सविना ९९९ डॉलर. दोघांची सामायिक भूमी ती हीच : एकाच क्षणी, एकाच ग्राहकासाठी, एकाच किंमतीच्या उंबरठ्यावर दोन घराण्यांनी दिलेली ही दोन उत्तरे होत.

२. तक्त्यातले साम्य

आता आकडे पाहू. ३००डीचे चित्र ३०७२ गुणिले २०४८ बिंदूंचे, म्हणजे ६.३ मेगापिक्सेल. डी७०चे ३००८ गुणिले २००० बिंदूंचे, म्हणजे ६.१ मेगापिक्सेल. तक्त्यात ३००डी पुढे दिसतो. पण हा फरक आपल्या पानावर उतरवून पाहावा. ए-४ आकाराचे पान चौकटीत पूर्ण बसवले, तर ३००डीमध्ये इंचामागे सुमारे २४८ आणि डी७०मध्ये सुमारे २४२ बिंदू मिळतात. फरक दोन-अडीच टक्क्यांचा. डोळ्यांना तो कळणार नाही. डेमी आकाराचे, म्हणजे साधारण साडेपाच गुणिले साडेआठ इंचांचे, पुस्तकाचे पान घेतले तर दोहोंतही इंचामागे साडेतीनशेहून अधिक बिंदू मिळतात.

दस्तऐवजांच्या प्रतिमांसाठी इंचामागे ३०० बिंदू हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. म्हणजे डेमी पुस्तकासाठी दोन्ही कॅमेरे पुरेसे आहेत. मोठ्या आकाराच्या मासिकासाठी दोन्ही किंचित अपुरे, आणि वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानासाठी दोन्ही निरुपयोगी, पान तुकड्यातुकड्यांनी टिपण्याची तयारी नसेल तर. ज्या आकड्याची सर्वाधिक जाहिरात झाली, त्या आकड्याने आपल्या प्रश्नाचा निकाल लागत नाही. हा तुलनेचा पहिला धडा. साम्य दिसले की थांबायचे नसते. भेद दुसरीकडे शोधायचा असतो.

३. मर्यादा आणि निर्णय

भेद शोधताना आधी वावराकडे लक्ष जाते. बटण चालू केल्यावर ३००डी तयार व्हायला सुमारे तीन सेकंद लागतात. डी७० तत्क्षणी तयार असतो. ३००डी एका दमात चार चित्रे घेऊन थबकतो. डी७०ला दोन चक्रे आहेत, छिद्र आणि वेग दोन बोटांनी एकाच वेळी बदलता येतात, ३००डीला एकच. शटरचा कमाल वेग डी७०मध्ये सेकंदाचा आठ हजारावा भाग, ३००डीमध्ये चार हजारावा. डी७० हाताळताना तो जाणकारासाठी केलेला आहे असे वाटते. रुपेरी प्लॅस्टिकचा ३००डी नवशिक्यासाठी केलेला वाटतो.

मात्र ३००डीच्या काही उणिवा यंत्राच्या नव्हत्याच. त्याचा सेन्सर कॅननच्या त्याच वर्षीच्या १०डी या महागड्या कॅमेऱ्यातलाच होता. तरीही प्रकाशमापनाची पद्धत निवडण्याची सोय त्यात नव्हती, फ्लॅशचा प्रकाश कमीअधिक करता येत नव्हता, हलत्या वस्तूवर सतत रोख धरण्याची सोय फक्त ‘खेळ’ या तयार पर्यायात कोंडलेली होती, आणि चित्र टिपण्याआधी आरसा वर उचलून ठेवता येत नव्हता. पुढे काही हौशी जाणकारांनी कॅमेऱ्यातील आज्ञावली बदलली, तेव्हा यांतल्या बऱ्याच सोयी त्याच यंत्रात चालू झाल्या. २००५ साली आलेल्या ३५०डीमध्ये कॅननने त्या अधिकृतपणे दिल्या. म्हणजे २००३ मध्ये त्या अशक्य नव्हत्या, नाकारलेल्या होत्या; स्वस्त कॅमेऱ्याने महाग कॅमेऱ्याचा ग्राहक पळवू नये म्हणून.

साहित्येतिहासात आपण हे पुष्कळदा पाहतो. एखाद्या ग्रंथातले मौन हे लेखकाच्या अज्ञानाचे आहे, की प्रकाशकाच्या, सरकारच्या वा वाचकवर्गाच्या धाकाचे, हे ओळखल्याशिवाय त्या ग्रंथाचे मूल्यमापन होत नाही. यंत्रातल्या उणिवेलाही तोच प्रश्न विचारावा लागतो : ही मर्यादा आहे की निर्णय? अमेरिकेत हा कॅमेरा ‘डिजिटल रिबेल’, म्हणजे बंडखोर, या नावाने विकला गेला. बंडखोराच्या हातापायांत आधीच बेड्या घालून त्याला बाजारात उभे करायचे, ही त्या काळाची एक नमुनेदार विसंगती म्हणावी लागेल.

डी७०ही निर्दोष नव्हता. काही डी७० कॅमेऱ्यांत हिरवा दिवा लुकलुकत राहून यंत्र अचानक बंद पडे. निकॉनने पुढे अशा कॅमेऱ्यांची मोफत दुरुस्ती देऊ केली. आज इतक्या वर्षांनी ती सवलत गृहीत धरून कोणी खरेदी करू नये.

४. सीसीडीची दंतकथा

अलीकडे जुन्या कॅमेऱ्यांभोवती एक नवे आकर्षण निर्माण झाले आहे. सीसीडीचे रंग फिल्मसारखे, उबदार आणि जिवंत असतात. सीमॉसचे मात्र कोरडे, असे मोठ्या श्रद्धेने सांगितले जाते. डी७०मध्ये सीसीडी आहे, ३००डीमध्ये सीमॉस. त्यामुळे या श्रद्धेचा परिणाम थेट खरेदीवर होतो.

वस्तुस्थिती जरा वेगळी आहे. सीसीडी असो वा सीमॉस, सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, केवळ प्रकाशाची मात्रा कळते. प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा वा निळा असा एकेक गाळणीचा कण बसवलेला असतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर याने योजलेल्या या मांडणीचे पेटंट १९७६ चे आहे. प्रत्येक बिंदूवर एकच रंग मोजला जातो आणि उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. तेव्हा रंगाचा स्वभाव ठरतो तो या गाळण्या आणि नंतरची गणिती प्रक्रिया यांवरून. जुन्या चित्रांचे जे आकर्षण वाटते त्यात त्या काळच्या प्रक्रियेचा आणि आपल्या स्मरणरंजनाचा वाटा मोठा आहे.

सीसीडीचा डी७०ला झालेला खरा लाभ अगदी निराळा होता. त्यातल्या सीसीडीला प्रकाश घेणे विजेच्या इशाऱ्याने सुरू आणि बंद करता येत असे. त्यामुळे फ्लॅश सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत वापरता येई. ३००डीची ही मर्यादा सेकंदाच्या दोनशेव्या भागाची. भर उन्हात माणसाच्या चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने भरून काढायची असेल, जत्रेत वा लोककलेच्या प्रयोगात, तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. इतिहासाने मात्र दुसऱ्या बाजूने कौल दिला. त्या दशकाअखेरपर्यंत निकॉनही सीमॉसकडे वळली, आणि डी७०चा सेन्सर जिने पुरवला होता त्या सोनी कंपनीने २०१५ मध्ये सीसीडीचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला.

आपल्या पानांच्या दृष्टीने सेन्सरसंबंधीची एकच गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. डी७० बारीक तपशील अधिक धारदार दाखवतो, पण नियमित बारीक नक्षीवर त्याच्या चित्रात नसलेल्या लहरी उमटण्याचा संभव जास्त. जुन्या मासिकांतली छायाचित्रे ठिपक्यांच्या जाळीच्या ठशांवरून छापलेली असतात; तिथे हा दोष उपटतो. ३००डीचे चित्र किंचित मऊ असते, पण या बाबतीत तो अधिक विश्वासू.

५. दोन घराणी

इथवरच्या भेदांतून निकाल निघत नाही, कारण आपण अजून केवळ पेटीकडे पाहत आहोत. एसएलआर ही एका घराण्याची सदस्य असते. तिच्या तोंडाशी लेन्स बसवण्याची जी कडी असते, तिला ‘माउंट’ म्हणतात. कोणत्या लेन्स आपल्या आणि कोणत्या परक्या, हे ती कडी ठरवते. कॅमेरा घेणारा खरे म्हणजे घराणे निवडत असतो.

निकॉनचे मूळ नाव निप्पॉन कोगाकू. १९१७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी आरंभी दुर्बिणी, मापनयंत्रे आणि लेन्स घडवीत असे. १९५९ मध्ये तिने ‘निकॉन एफ’ हा एसएलआर आणला आणि त्याच्याबरोबर एफ-माउंट आले. पुढच्या अर्धशतकात स्वयंचलित रोख आला, फिल्म गेली, सेन्सर आला. पण कडीचा मूळ आकार निकॉनने बदलला नाही. नव्या गरजा जुन्या कडीतच जमेल तशा बसवल्या. १९७७ मध्ये ‘एआय’ नावाची सुधारणा झाली. त्याआधीच्या, बदल न केलेल्या लेन्स डी७०वर चढवल्यास कॅमेऱ्याला इजा होऊ शकते. १९७७ नंतरच्या हाताने रोख धरायच्या लेन्स त्यावर चढतात, पण मग कॅमेऱ्याचे प्रकाशमापन चालत नाही. परंपरा राखली, पण तिच्याशी बोलणे बंद केले, असा हा प्रकार.

कॅननने उलट केले. १९८७ मध्ये तिने ईओएस मालिकेसाठी संपूर्ण विद्युत संवादावर चालणारे ईएफ-माउंट आणले आणि १९७१ पासूनचे एफडी-माउंट टाकून दिले. ज्यांनी आयुष्याची पुंजी एफडी लेन्समध्ये घातली होती, ते उघड्यावर पडले. परंतु १९८७ नंतरची प्रत्येक ईएफ लेन्स ३००डीवर पूर्ण क्षमतेने चालते. एका घराण्याने सातत्य निवडले आणि तडजोडींचे ओझे वाहिले, दुसऱ्याने विच्छेद निवडला आणि त्याची किंमत आपल्या जुन्या ग्राहकांकडून वसूल केली.

या दोन घराण्यांचे मूळ मात्र एकमेकांत गुंतलेले आहे. १९३३ मध्ये टोकियोत एक लहानशी प्रयोगशाळा सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी गोरो योशिदा हा बौद्ध उपासक. १९३४ मधील आपल्या पहिल्या नमुना-कॅमेऱ्याला त्याने ‘क्वानॉन’ हे नाव दिले आणि त्याच्या लेन्सला बुद्धशिष्य महाकाश्यपावरून ‘कास्यपा’. क्वानॉन म्हणजे जपानी परंपरेतली करुणेची देवता कान्नोन, आपल्याकडचा अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी म्हणून ज्याचे चित्र आपण पाहतो तोच. पाहण्याच्या यंत्राला अवलोकनाच्या देवतेचे नाव मिळावे, यात औचित्य होते. पुढे जगाच्या बाजारात चालावे म्हणून त्याच ध्वनीजवळचा ‘कॅनन’ हा शब्द घेतला गेला. प्रमाण, धर्मग्रंथ, आदर्श असे त्याचे अर्थ. साहित्याच्या वर्गात प्रमाणभूत ग्रंथपरंपरेसाठी आपण हाच शब्द वापरतो.

त्या कंपनीचा बाजारात आलेला पहिला कॅमेरा ‘हान्सा कॅनन’, १९३६ चा. तेव्हा कंपनीकडे लेन्स घडवण्याचे सामर्थ्य नव्हते. म्हणून त्यावर जी लेन्स आली ती निप्पॉन कोगाकूची, निक्कोर नावाची. आणि ती बसवण्याचे माउंटही त्यांनीच करून दिले. म्हणजे पहिल्या कॅननचा डोळा निकॉनचा होता. पुढे सत्तर वर्षे परस्परांशी झुंजलेल्या या घराण्यांची गाठ अशी आरंभीच बांधलेली आहे.

६. लिपी आणि लेन्स

आता आपल्या पानाकडे परत येऊ. पान टिपण्यासाठी कोणती लेन्स हवी? सोबत मिळणारी झूम लेन्स निसर्गदृश्याला चालते; पण सपाट पानावर तिच्या कडा वाकतात आणि कोपऱ्यांतली अक्षरे पुसट होतात. पानासाठी जवळचे, सपाट, कोपऱ्यापर्यंत सारखे स्पष्ट दाखवणारी लेन्स लागते.

अशी एक लेन्स लिपीच्या गरजेतून जन्मली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रंथ आणि कागदपत्रे सूक्ष्मफितीवर उतरवण्याचे तंत्र जपानमध्ये पसरू लागले. रोमन लिपीसाठी पुरेशा ठरणाऱ्या लेन्स जपानी मजकुरापुढे कमी पडल्या, कारण कांजी चिन्हांत एका चौकोनात अनेक बारीक रेघा दाटीने बसलेल्या असतात आणि एक रेघ बुजली तर चिन्ह बदलते. या गरजेतून निप्पॉन कोगाकूने १९५६ मध्ये ५ सेंटिमीटरची ‘मायक्रो-निक्कोर’ घडवली. पुढे १९६१ मध्ये एफ-माउंटसाठी ५५ मिलिमीटरची मायक्रो-निक्कोर आली, आणि तिच्या सुधारित आवृत्त्या अनेक दशके निघत राहिल्या.

देवनागरीच्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. आपला अनुस्वार हा एक ठिपका; तो गेला तर ‘घरांत’चे ‘घरात’ होते आणि जुन्या लेखनपद्धतीचा पुरावाच नाहीसा होतो. रफार, उकार, जोडाक्षरातली अर्धी काठी, शिळाछापातली झिजलेली वेलांटी, या सर्व ठिकाणी अर्थ एका बारीक रेघेवर टांगलेला असतो. कांजीसाठी घडलेली लेन्स देवनागरीलाही उपकारक ठरावी, हे स्वाभाविक आहे.

ही लेन्स निकॉनची, म्हणून कॅमेराही डी७० घ्यावा, असा निष्कर्ष कोणीही काढील. पण वर सांगितल्याप्रमाणे जुनी मायक्रो-निक्कोर डी७०वर चढवली की प्रकाशमापन थांबते; आणि ती १९७७ पूर्वीची असेल तर चढवूच नये. उलट कॅननच्या पेटीत कडीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिलिमीटर आहे, निकॉनच्या पेटीत ४६.५. या अडीच मिलिमीटरच्या फरकात एक साधी, काच नसलेली धातूची कडी बसते. ती लावून निकॉनच्या कोणत्याही काळातली छिद्राचे कडे असलेली लेन्स ३००डीवर चढवता येते. रोख आणि छिद्र हातानेच ठरवावे लागतात; पण प्रकाशमापन चालू राहते. कॅननची लेन्स निकॉनवर अशी साध्या कडीने चालवता येत नाही, कारण तिथे अंतर उलट्या बाजूने कमी पडते.

म्हणजे निकॉनची जुनी लेन्स निकॉनच्याच डी७०वर मुकी होते आणि प्रतिस्पर्ध्याच्या ३००डीवर बोलते. १९३६ ची जोडी, कॅननची पेटी आणि निक्कोरचा डोळा, सुमारे सात दशकांनी पुन्हा जुळवता येते. तक्त्यात ही गोष्ट कुठेही लिहिलेली सापडत नाही. ती इतिहास वाचल्यावरच दिसते.

७. घेताना

तेव्हा पानांसाठी आमचा कौल ३००डी, सोबत एक साधी कडी आणि ५५ मिलिमीटरची जुनी मायक्रो-निक्कोर, असा आहे. या जोडीने डेमी पान टिपायला लेन्स पानापासून साधारण ६० सेंटिमीटरवर आणि ए-४ पान टिपायला ८० ते ८५ सेंटिमीटरवर ठेवावी लागते. म्हणजे टेबलावर उभ्या केलेल्या स्टँडने काम भागते. आरसा आधी उचलून ठेवण्याची सोय नसल्याने कंप टाळण्यासाठी स्टँड जड असावा, दूरनियंत्रक वा टायमर वापरावा. दोन्ही कॅमेऱ्यांत मागच्या पडद्यावर जिवंत दृश्य दिसत नाही आणि पडदा जेमतेम १.८ इंचांचा, म्हणून पहिली दोन-चार चित्रे संगणकावर मोठी करून तपासल्याशिवाय पुढची पाने उलटू नयेत. ज्या विद्यार्थ्याचे काम पानांपेक्षा माणसांचे आहे, जो कीर्तन, तमाशा, जत्रा टिपणार आहे, त्याने मात्र डी७० घ्यावा. त्याची तत्परता, दोन चक्रे आणि फ्लॅशची मोकळीक तिथे उपयोगी पडेल. जवळ आधीच निकॉनच्या स्वयंचलित रोखाच्या लेन्स असतील तरीही तोच, कारण जुन्या एएफ लेन्स फिरवणारी मोटर त्याच्या पेटीत आहे.

वापरलेला कॅमेरा घेताना काही गोष्टी तपासाव्यात. डी७० किती वेळा चालला आहे, हा आकडा त्याच्या चित्राच्या फाइलमध्ये नोंदलेला असतो आणि संगणकावर वाचता येतो. ३००डीची अशी नोंद सामान्य ग्राहकाला मिळत नाही, तिथे विक्रेत्याच्या शब्दावर आणि यंत्राच्या झिजेवर विसंबावे लागते. ३००डीची बीपी-५११ बॅटरी कॅननच्या पुढच्या अनेक कॅमेऱ्यांतही वापरली गेल्याने तिचे पर्याय शोधणे सोपे जाते. दोन्ही कॅमेऱ्यांना कॉम्पॅक्टफ्लॅश जातीचे कार्ड लागते आणि दोहोंची संगणकजोडणी संथ आहे. स्वतंत्र कार्ड रीडर घ्यावा. लेन्समध्ये बुरशीचे जाळे नाही ना, हे आपल्या दमट हवेत अवश्य पाहावे. पावसाळ्यात कोकणातच काय, घाटावरही ती धरते.

शेवटी एक रास्त आक्षेप. खिशातल्या फोनमध्ये याहून कितीतरी अधिक मेगापिक्सेल असताना हा खटाटोप कशासाठी? घाईच्या वेळी फोन वापरावाच. न टिपलेल्या पानापेक्षा फोनने टिपलेले पान केव्हाही बरे. परंतु फोनचे चित्र हे अनेक चित्रांचे मिश्रण करून, कडा धारदार करून, डाग गुळगुळीत करून सिद्ध झालेले असते. पुसट अनुस्वार हा शाईचा ठिपका आहे की कागदावरचा डाग, हे ठरवण्याचा अधिकार पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाचा आहे. तो यंत्राने परस्पर वापरू नये. जुन्या कॅमेऱ्याची असंस्कारित फाइलही निखळ सत्य नव्हे, रंगाचा अंदाज तिथेही आहेच. पण ती नंतरच्या संस्कारांपूर्वीची प्रत आहे, आणि संस्कार कोणते करायचे हे तिच्याबाबतीत आपण ठरवू शकतो. मूळ प्रतीचे महत्त्व साहित्याच्या अभ्यासकाला कोणी नव्याने पटवून द्यायला नको.

२०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोघांनीही आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट आणली, आणि एसएलआर हा प्रकारच हळूहळू इतिहासात जमा होऊ लागला. आता या दोन जुन्या यंत्रांत श्रेष्ठ कोण, याचे बाजाराला काही सोयरसुतक उरलेले नाही. त्यामुळेच त्यांची तुलना मोकळेपणाने करता येते. तक्ता दोन वस्तूंमधले अंतर सांगतो. त्या वस्तू तशा का झाल्या, त्यांतल्या कोणत्या उणिवा मुद्दाम ठेवलेल्या आहेत आणि कोणते सामर्थ्य विस्मृतीत गेले आहे, हे इतिहास सांगतो. हातात थोडे पैसे आणि समोर ठिसूळ पाने असलेल्या विद्यार्थ्याला यांतले दुसरे ज्ञान अधिक उपयोगी आहे. त्याने आधी आपले पान पाहावे, मग त्याला साजेशी लेन्स शोधावी, आणि कॅमेरा सर्वांत शेवटी निवडावा.